कागदाचा दोष

आमचे हे सूर्यावरचे डाग मोजतात. ही गोष्ट कुणाला सांगितली की समोरचा आधी यांच्याकडे बघतो, मग कीव आल्यासारखा माझ्याकडे, आणि मग विषय बदलतो. पण त्यात वेडेपणाचं काही नाही. गच्चीवर दुर्बीण लावायची, तिच्या मागच्या टोकातून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या कागदावर पाडायची आणि त्या बशीएवढ्या गोलावर काळे ठिपके किती आहेत ते रोज सकाळी ठरल्या वेळी मोजायचे. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, लावला तर डोळाच जातो. कागदाकडे बघून एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने वहीत लिहायचं. गेली बावीस वर्षं मोजणारे हे आणि लिहिणारी मी.

ही वाटणी कुणी केली ते विचारू नका. मीही कधी विचारलं नाही आणि आता त्याचाच राग येतो.

नोकरीत हे वजनमापांचे निरीक्षक होते. दुकानोदुकानी जाऊन तराजू तपासायचे, माप खरं असेल तर शिशाचं सील ठोकायचं, खोटं असेल तर जप्त करायचं. बाजारात यांना काटासाहेब म्हणायचे. काटासाहेब गल्लीच्या तोंडाशी दिसले की चार दुकानांतली वजनं पटापट बदलायची, हे ते अजून छाती फुगवून सांगतात. यांचं तत्त्व एकच. एकदा सील ठोकलं की मापाला कुणी हात लावायचा नाही, सील तुटलं की माप बाद. तत्त्व चांगलं आहे. फक्त ते यांनी दुर्बिणीलाही लावलं.

दुर्बिणीच्या मागच्या टोकाला फोकसर असतो. एका नळीत दुसरी नळी, आतल्या नळीला दातेरी पट्टी आणि बाजूला एक नॉब. नॉब फिरवला की आतली नळी पुढेमागे सरकते आणि प्रतिमा स्पष्ट होते. रोज फिरवायचा असतो म्हणूनच तो नॉब दिलेला असतो. यांनी बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी तो एकदाच फिरवला, प्रतिमा रेखीव आली तिथे थांबले, आतल्या नळीवर माझ्या लाल नेलपॉलिशने रेघ ओढली, बाजूचा स्क्रू आवळला आणि स्क्रूच्या डोक्यावरही नेलपॉलिश थापलं. "झालं सील," म्हणाले. बाटली कोरी होती. ब्रशचे केस असे विस्कटले की मला ती पुन्हा वापरता आली नाही.

मी छापखान्यात मुद्रितं तपासायचे, एकतीस वर्षं. सुटलेला अनुस्वार मला पानाच्या पलीकडच्या टोकावरून दिसतो. ठिपक्यांवरच माझं पोट चाललं म्हणा ना. पहिली दहा-अकरा वर्षं हे "अठ्ठावीस" म्हणायचे आणि मलाही अठ्ठावीसच दिसायचे. मग कधीतरी जुळेनासं झालं. हे म्हणायचे चौदा आणि मला सतरा दिसायचे. तीन पुसटसे, पेन्सिलने काढून खोडरबराने नीट न खोडल्यासारखे.

"अहो, कडेला अजून तीन आहेत."

"तो कागदाचा दोष आहे."

"मग कागद हलवून बघा. दोष असेल तर कागदाबरोबर सरकेल, डाग असेल तर जागच्या जागी राहील."

"मांडणीला हात लावायचा नाही. लिही, चौदा."

मी लिहायचे चौदा. दुसऱ्या दिवशी नवा कागद, तरी दोष तिथेच. म्हणजे कागदाच्या कारखान्याचंच आमच्याशी वैर होतं. पालथ्या घड्यावर किती दिवस पाणी ओतणार? वर्षभराने मी सांगायचं सोडलं आणि मूग गिळून लिहीत राहिले.

महिन्यापूर्वी एक पत्र आलं. सूर्य मोजणाऱ्या हौशी लोकांची एक संस्था आहे, आमचे आकडे दर महिन्याला तिकडे जातात. चिटणिसांनी लिहिलं होतं की जुन्या नोंदींची छाननी झाली आणि त्यात यांची नोंद सर्वांत सलग आणि सर्वांत एकसारखी निघाली. तेव्हा ती आता प्रमाण नोंद धरायची, म्हणजे बाकीच्यांचे आकडे यांच्या आकड्यांना लावून पारखायचे. सोबत एक निवेदन होतं. 'संपूर्ण काळात साधन व पद्धत यांत बदल झालेला नाही.' खाली सही करून महिनाअखेर परत पाठवायचं.

जन्मभर दुसऱ्यांची मापं तपासली आणि म्हातारपणी स्वतःच माप व्हायला मिळणार होतं. यांनी ते पत्र मला तीनदा वाचून दाखवलं, लेकीला फोनवर दोनदा, आणि खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला त्याने विचारलेलं नसताना एकदा. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. घरात चाळीस वर्षं चिडचिड करणारा माणूस आठवडाभर गुणगुणत दाढी करत होता.

आणि त्याच आठवड्यात फोकसरने मान टाकली. पट्टीचे दात पार झिजले, स्क्रू धरेना, दुर्बीण सूर्याकडे उचलली की आतली नळी आपली आपण खाली घसरायची. कागदावर सूर्याच्या जागी पिवळट धुरकट गोळा. यांनी नळीला सुतळी बांधली, रबर लावलं, तिसऱ्या दिवशी मलाच नळी धरून उभं केलं. "हलू नकोस," म्हणे. श्वास घ्यायचा की नाही तेवढं सांगायचं राहिलं. सहा दिवस नोंद कोरी गेली तेव्हा कुठे यांनी लेकीला फोन केला.

लेक दंततंत्रज्ञ आहे, लोकांच्या कवळ्या बनवते. रविवारी सकाळी ती हत्यारांची छोटी पेटी, नवा फोकसर आणि लेथवर करून घेतलेलं एक कडं घेऊन आली. नव्याचं तोंड आमच्या दुर्बिणीच्या नळीला बसत नव्हतं, म्हणून मध्ये ते कडं. तिने जुन्या पट्टीवरून नख फिरवलं.

"बाबा, याचे सगळे दात गेलेत. आता कवळीच."

"बडबड नको. आधी माप घे. नळीच्या काठापासून खुणेपर्यंत किती आहे ते, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. नवा बरोबर तेवढ्यावरच लावायचा."

"नव्याला फिरवून जुळवता येतं, बाबा. म्हणून तर आणलाय. हा मोठा नॉब भरभर सरकवतो आणि हा छोटा अगदी हळू. दहा वेळा फिरवला तेव्हा मोठ्याच्या एका फेऱ्याएवढं सरकतं."

"मला फिरवायचंच नाहीये. पद्धत बदलली तर मी सही कशावर करू? माप घे."

तिने माझ्याकडे बघितलं. मी खांदे उडवले. तिने कॅलिपर लावून माप घेतलं, जुना फोकसर सोडवला, दुर्बिणीच्या तोंडावर टॉवेल गुंडाळून धातूचा कीस आत जाणार नाही अशी व्यवस्था केली आणि तीन भोकं पाडून कडं बसवलं. हे सगळा वेळ शेजारी उभे राहून "हळू, हळू" म्हणत होते. तिचे हात माणसांच्या तोंडातलं माप घेणारे, तिला हळू शिकवायची गरज नव्हती. तासाभरात नवा फोकसर बसला. गुळगुळीत, कुठे खडखड नाही, वर मिलिमीटरच्या रेघा कोरलेल्या. तिने तो जुन्या मापावर आणला आणि दुर्बीण सूर्याकडे वळवली.

कागदावर सूर्य आला. रोजच्यासारखाच, कडेला जरा मऊसर.

"बघ. अगदी तसाच," हे म्हणाले. मोजले आणि म्हणाले, "चौदा. आवळ स्क्रू."

लेक पेटीत पाना शोधायला वाकली. मला पुन्हा ते कडेचे पुसट दिसत होते, तीन नव्हे, चार. त्या क्षणी माझ्या मनात काही थोर विचार नव्हता. तो छोटा नॉब हाताशी होता आणि बावीस वर्षांत मला एकही नॉब फिरवायला मिळाला नव्हता, एवढंच. मी हात पुढे केला आणि फिरवला.

सूर्याची कड कात्रीने कापल्यासारखी झाली. पुसट होते ते काळे झाले, एक होता तिथे तीन सुटे झाले, आणि मध्ये जिथे रोज कोरं दिसायचं तिथे बारीक टिंबांची एक ओळच उमटली. मी मोजले. तेवीस.

"तेवीस आहेत," मी म्हटलं.

हे खाली वाकले. बराच वेळ बघत राहिले आणि मग सरळ होऊन म्हणाले, "आज हवा फार स्थिर आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी नॉब उलटा फिरवून त्यांच्या मापावर आणला. "मोजा. बरं, मी मोजते, चौदा." पुन्हा पुढे फिरवला. "तेवीस." मागे. "चौदा." पुढे. "तेवीस. हवा काय माझ्या बोटाच्या तालावर नाचते का हो?"

"आई," लेक म्हणाली.

"आई नाही. आज मध्ये पडू नकोस." मी कागदाची पाटी दोन्ही हातांनी धरली आणि चांगली गदागदा हलवली. कागद हलला. तेवीसच्या तेवीस ठिपके जागच्या जागी. "दाखवा आता कागदाचा दोष. कुठल्या कागदाचा आहे ते दाखवा."

लेकीने नव्या फोकसरवरच्या रेघा वाचल्या आणि हलक्या आवाजात सांगितलं की फरक एका मिलिमीटरचा आहे. काडेपेटीतल्या काडीच्या जाडीच्या निम्मा.

"खूण मी स्वतः केली होती," हे म्हणाले. "तेव्हा बरोबर होती."

तेव्हा बरोबर होतीच, ते मलाही आठवत होतं. मी खाली जाऊन वह्या घेऊन आले. माझंच अक्षर, मला शोधायला किती वेळ लागणार? अकरा वर्षांपूर्वीच्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात होतं, 'उन्हाने आयपीसचे भिंग तडकले. नवा बसवला.' आयपीस म्हणजे फोकसरच्या टोकाला बसवायची ती भिंगाची डबी. दोन डब्या दिसायला सारख्या असल्या तरी दोन्हींचं फोकस एकाच जागी येत नाही, हे आता लेकीने सांगितलं. डबी बदलली की नॉब फिरवायचा असतो. आमच्या नॉबला सील होतं.

आदल्या दिवशीचा आकडा एकतीस. नव्या डबीनंतरचा बावीस. त्याखाली मी यांच्या सांगण्यावरून लिहिलं होतं, 'सूर्य उतरणीला लागला.' सूर्याचे डाग दहा-अकरा वर्षांच्या फेऱ्यात वाढतात आणि कमी होतात, आणि त्या वर्षी ते खरोखरच कमी होत होते. त्यामुळे यांची चूक सूर्याच्या पदराआड लपली. पुढे सगळं एकसारखं कमी. संस्थेला ती एकसारखेपणाची शिस्त वाटली.

फोकसर बसवून मोकळी झालेली लेक तिच्या कामाला गेली. जाताना माझ्या कानाशी म्हणाली, "जास्त बोलू नकोस त्यांना." मी म्हटलं, "अकरा वर्षांचं साठलंय, जरा तरी बोलू दे."

दुपारी हे निवेदनाचा कागद पुढे ठेवून बसले होते. पेन उघडं.

"असं करता येईल," यांनी सुरुवात केली. "नवा फोकसर पुढच्या महिन्यात बसवला असं धरायचं. आजपर्यंत साधन तेच होतं, पद्धतही तीच होती. सही त्यावर करतोय मी. शब्दशः खोटं काही नाही."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. मग कळलं की नाही झाली.

"तुमच्या बाजारात एखादा दुकानदार असं म्हणाला असता," मी विचारलं, "की साहेब, वजन कमी आहे खरं, पण अकरा वर्षं रोज तेवढंच कमी आहे, तर काय केलं असतंत?"

ते निवेदन पुन्हा वाचायला लागले.

"बोला. ज्याचं घर त्या वजनावर चालायचं त्याचीसुद्धा उचलून नेलीत ना वजनं?"

"तो जाणूनबुजून करायचा."

"सकाळपर्यंत तुम्हाला माहीत नव्हतं. आता आहे. आता सही केलीत तर ती जाणूनबुजूनच होईल."

यांनी पेनाला टोपण लावलं. माणूस हट्टी आहे, नाकावर माशी बसू देत नाही, पण चोर नाही.

"घे लिहून," ते म्हणाले. पत्रं मीच लिहिते, कारण यांचं अक्षर यांनाही लागत नाही. "आदरणीय चिटणीस यांस. काही तांत्रिक कारणामुळे गेल्या अकरा वर्षांच्या नोंदींमध्ये किंचित त्रुटी आढळून आली असून..."

मी पेन खाली ठेवलं.

"तांत्रिक कारण म्हणजे कोण? मी का?"

"अगं, पत्रात असंच लिहितात."

"छापखान्यात असलं वाक्य आलं की मी समासात प्रश्नचिन्ह काढून परत पाठवायचे. कर्ता कुठे आहे? आणि किंचित? तेवीसातले नऊ म्हणजे किंचित?"

"बरं. लिही, निरीक्षकाच्या चुकीमुळे अकरा वर्षांच्या नोंदी बाद समजाव्यात. झालं समाधान?"

"नाही झालं."

"आता काय राहिलं? माझी चूक, मी कबूल केली, माझ्या नावावर. तुला त्यात कशाला ओढू?"

इथे माझा आवाज चढला, खालच्या शिंप्याचं मशीनसुद्धा थांबलं. "ओढू कशाला? अकरा वर्षं मी रोज तिथे उभी होते. मला दिसत होतं. मी सांगत होते आणि तुम्ही कागदाला नावं ठेवत होतात. कागदाचा दोष नव्हता तो, माझ्या बोलण्याला किंमत नव्हती. आता चूक निघाली तर तीही तुमच्या एकट्याची? मान तुमचा, बदनामीही तुमचीच, मी म्हणजे काय, शाई?"

आणि शाई म्हणता म्हणता माझा राग यांच्यावरून घसरला आणि माझ्यावरच येऊन बसला. कारण छापखान्यात मी मालकाचीसुद्धा चूक सोडली नव्हती. एकदा त्याच्या लेखातला एक आकडा चुकला म्हणून यंत्र थांबवायला लावलं होतं, तेही पानं छापायला लागल्यावर. तिथे कणा ताठ आणि घरात सतरा दिसत असताना चौदा लिहीत होते. एक दिवस नव्हे, चार हजार दिवस, सुवाच्य अक्षरात. यांना दिसलं नव्हतं. मला दिसलं होतं आणि तरी मी खोटं लिहिलं. दोघांत जास्त चुकलं कोण, याचा हिशेब माझ्या बाजूने येईना.

मी पत्र नव्याने लिहिलं. यांना विचारलं नाही. 'अकरा वर्षांपूर्वी आयपीस बदलल्यावर निरीक्षकाने फोकस पुन्हा जुळवला नाही. त्यामुळे बारीक डाग मोजले गेले नाहीत. नोंद लिहिणाऱ्या व्यक्तीला त्यांपैकी काही डाग दिसत होते. तिने सुरुवातीला सांगितले, निरीक्षकाने मानले नाही, आणि पुढे तिने सांगणे सोडून दिले. तेव्हापासूनच्या सर्व नोंदी बाद समजाव्यात.' खाली दोन सह्यांना जागा सोडली. यांनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना 'निरीक्षकाने मानले नाही' इथे यांचं बोट थांबलं. मग यांनी सही केली आणि कागद माझ्याकडे सरकवला. सही निवेदनावर करायची म्हणून आणलेलं चांगलं पेन अशा रीतीने कामी आलं.

राग गेला असेल असं कुणाला वाटेल, पण रात्रभरात एवढा राग जात नाही. सकाळी मी गच्चीवर गेले तीही कपाळाला आठ्या घालूनच. नवी वही घेतली होती. एकाऐवजी दोन रकाने आखले, एक यांचा आणि एक माझा. यांनी रकाने बघितले आणि लिहायच्या खुर्चीत, म्हणजे माझ्या खुर्चीत, जाऊन बसले.

"तू मोज आधी," म्हणाले.

मी छोटा नॉब फिरवून कड रेखीव केली आणि मोजले. एकवीस. यांनी लिहिलं. मग ते उठून कागदापाशी आले, मी बाजूला झाले. चष्मा वर केला, खाली केला, बोटाने हवेत टिपत टिपत मोजलं, पुन्हा मोजलं.

"एकोणीस," म्हणाले. आणि थोडं थांबून, "दोन मला दिसत नाहीत. पण तू म्हणतेस तर असतील. माझ्याही रकान्यात एकवीसच लिहितो."

हे त्यांनी चांगल्या मनाने म्हटलं, ते मला कळत होतं. एखादी म्हणाली असती, चला, उशिरा का होईना मान दिला. पण माझं डोकं पुन्हा फिरलं. अकरा वर्षं न बघता नाही म्हणत होते आणि आता न बघता हो म्हणायला निघाले होते. मला यांचं हो नको होतं.

ते खुर्चीकडे वळत होते. मी बाही धरली आणि त्यांना परत कागदासमोर उभं केलं. पेन्सिलचं टोक पहिल्या टिंबाच्या बाजूला टेकवलं.

"लिहू नका," मी म्हटलं. "बघा."

"अगं, नाही दिसत."

"दिसेपर्यंत बघा. नाहीच दिसलं तर एकोणीस लिहा, माझी हरकत नाही. पण बघा."

ते वाकले. ऊन तापायला लागलं होतं आणि आमच्या दोघांच्या डोक्यांची सावली कागदाच्या कडेला पडत होती. मी पेन्सिल हलवली नाही. ते बघत होते.